दार फाळणीचा सण

शाळेत एखादे सर रजेवर गेले की त्यांचा तास कुणाच्या तरी गळ्यात पडतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आठवीचा असाच एक तास आमच्या वाट्याला आला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, रायगड जिल्ह्यातली. आम्ही तिथे मराठी आणि इतिहास शिकवतो. बाहेर धो धो पाऊस, वर्गात पन्नासेक मुलं-मुली, आणि आमच्या हातात पुस्तक नाही. वेळ काढायचा म्हणून आम्ही सूरह बकरहमधला गायीचा किस्सा सांगायला घेतला.

हजरत मूसा आपल्या कौमला सांगतात, अल्लाहचा हुकूम आहे, एक गाय जिबह करा. कौम विचारते, कशी गाय? उत्तर मिळतं, म्हातारी नको, अगदी कोवळीही नको. पुन्हा प्रश्न, रंग कोणता? पिवळाधमक, बघणाऱ्याचं मन खूश करील असा. तरी आणखी प्रश्न. प्रत्येक प्रश्नाबरोबर एक अट वाढते. अखेर गाय जिबह होते, पण होता होता राहिलीच असती.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, पण कशी गाय ते ठाऊक नसेल तर विचारायला नको का? चुकीची कापली असती तर?"

प्रश्न चांगला होता हे आज कळतं. त्या वेळी मात्र तो आम्हाला आगाऊपणा वाटला. शिवाय उत्तरही सुचेना. उत्तर सुचलं नाही की शिक्षकाला राग लवकर येतो! आम्ही ओरडलो, "बस खाली! बनी इस्राईलची औलाद आहेस का तू?"

वर्ग खो खो हसला. मुलगी बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला आम्ही पाहिला आणि फळ्याकडे वळलो. दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'बनी इस्राईल' म्हणून हाक मारू लागली. त्या वर्षात तिनं पुन्हा हात वर केला नाही.

आम्ही बी.एड. केलं तेव्हा सूक्ष्म अध्यापनात 'प्रश्न कौशल्य' नावाचा एक पाठ होता. शिक्षकानं प्रश्न कसा विचारावा, कुणाकडे बघावं, किती सेकंद थांबावं, सगळं शिकवलं. मुलानं प्रश्न विचारला तर शिक्षकानं काय करावं, त्याचा पाठ झाल्याचं काही आठवत नाही.

शिवी म्हणून आम्ही जे नाव वापरलं, ते खरं तर आमच्या शेजारच्या माणसांचं. आमची दादी सांगायची, तिच्या लहानपणी गावात शनिवार तेल्यांची घरं होती. घाण्यावर तेल गाळणारी माणसं. शुक्रवारी दिवेलागण झाली की काम बंद, शनिवारी घाणा बंद. ती स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. घरात मराठी बोलत, आडनावं आपल्यासारखीच 'कर' लावून गावाची. पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे. १९४८ नंतर त्यातले बरेच जण इस्राएलला निघून गेले. दादीच्या बोलण्यात ती 'आपली माणसं' होती. आमच्या तोंडी मात्र ती शिवी होऊन आली. एका पिढीत शेजारी निघून गेले, आणि दुसऱ्या पिढीत त्यांचं नाव टोमणा झालं!

त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून आम्ही वाचायला बसलो. तालमूदचा इंग्रजी अनुवाद आता मोबाईलवरही फुकट मिळतो. आमचं इंग्रजी बेताचं, पण शब्दकोश जवळ घेऊन रोज पानभर जमतं. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, "या दिवसांत यहुद्यांची पुस्तकं वाचता?" त्याचा सवाल खोटा नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलमध्ये झालेला तो हल्ला, आणि त्यानंतर गाझात हजारो मुलांचं मरण आपण सगळ्यांनी पाहिलं. आम्ही एवढंच म्हणालो, सरकार वेगळं, लष्कर वेगळं, आणि दोन हजार वर्षं वाद घालत बसलेली किताब वेगळी.

सुरुवात अर्थातच गायीपासून केली. तौरातमध्येही गायीचा एक हुकूम आहे, पण ती गाय पिवळी नाही, तांबडी. अंगावर डाग नको, मानेवर कधी जू ठेवलेलं नको. पुढे रब्बींनी मिश्नामध्ये चर्चा केली, एका जागी दोन केस जरी दुसऱ्या रंगाचे निघाले तरी गाय बाद! म्हणजे प्रश्न विचारायची हौस नंतरही कमी झाली नाही म्हणायची. ही गाय जाळून तिची राख पाण्यात कालवायची. मय्यतीला शिवल्यामुळे जो नापाक झाला, त्याच्यावर ते पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडलं की तो पाक होतो. इथवर समजतं. पण जो माणूस ती गाय जाळतो, जो ती राख गोळा करतो, तो पाक असूनही संध्याकाळपर्यंत नापाक होतो. एकच राख, एकाला शुद्ध करते आणि दुसऱ्याला अशुद्ध! असं का? यहुदी परंपरा म्हणते, हजरत सुलेमानसारख्या शहाण्यालाही याचा उलगडा झाला नाही.

यावर रब्बी योहानान बेन झक्काई यांची एक हकीकत आहे. पहिल्या शतकातले हे मोठे आलिम. एका परक्या माणसानं त्यांना टोकलं, हा तर जादूटोणा दिसतो. रब्बींनी विचारलं, तुमच्यात कुणाला भूतबाधा झाली तर काय करता? मुळ्यांची धुरी देतो, पाणी शिंपडतो. मग हेही तसंच समज. माणूस समाधानानं निघून गेला. मग शागिर्द पुढे आले. म्हणाले, त्याला तुम्ही गवताच्या काडीनं हाकललंत, आम्हाला काय सांगता? तेव्हा रब्बींनी कबूल केलं, मय्यत काही नापाक करत नाही आणि पाणी काही पाक करत नाही. हा हुकूम आहे, आणि त्याचं कारण शोधत बसण्याची आपल्याला मुभा नाही.

आम्ही या हकीकतीपाशी बराच वेळ थांबलो. कारण विचारायचं नाही, असा हुकूम. पण तो हुकूम आपल्यापर्यंत पोचला कसा? शागिर्दांनी विचारलं म्हणून! आणि उस्तादानं 'तुमची औलाद कुणाची' असं म्हटलं नाही. काडीचं उत्तर मागे घेतलं आणि 'याचं कारण आपल्याला सांगता येत नाही' हे खरं उत्तर दिलं. शिक्षकाला हे किती जड जातं, ते शिक्षकच जाणे.

मग पेसाहची रात्र. फिरऔनच्या गुलामीतून सुटल्याचा हा सण. त्या रात्रीच्या जेवणाचा विधी ज्या पुस्तकातून वाचतात त्याला हगादा म्हणतात. १८७४ साली पुण्यात बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रूबरोबर मराठीत हगादा छापला गेला. त्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बाया पेसाहची भाकरी करताना दिसतात. ही रात्र सुरू होते ती लहान मुलाच्या प्रश्नानं. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? मूल नसेल तर बायकोनं विचारायचं. माणूस एकटाच असेल तर त्यानं स्वतःला विचारायचं! दोघे जाणकार बसले असतील, दोघांनाही सगळं पाठ असेल, तरी त्यांनी एकमेकांना विचारायचं. उत्तर ठाऊक असतानाही प्रश्न टाळता येत नाही. गुलामाला सवाल करायची परवानगी नसते, म्हणून सुटकेची रात्र सवालानं सुरू होते, असा याचा अर्थ आम्ही लावला. हगाद्यात चार मुलगे सांगितलेत: शहाणा, दुष्ट, साधा, आणि ज्याला विचारताच येत नाही तो. चौथ्याला झिडकारायचं नाही. त्याच्यासाठी बापानं बोलणं उघडून द्यायचं. आम्ही मात्र पहिल्या प्रकारच्या मुलीला एका वाक्यात चौथ्या प्रकारची करून टाकलं होतं.

त्याच रात्री फिरऔनच्या देशावरच्या दहा आफतींची नावं घेताना दर नावाला पेल्यातून थेंब कमी करतात. पुष्कळ जण त्याचा अर्थ असा सांगतात की दुश्मन मेला तरी आपला पेला पूर्ण भरलेला नसावा. फिरऔनची फौज बुडत असताना फरिश्ते गाऊ लागले तेव्हा खुदानं त्यांना थांबवलं, असंही तालमूद सांगतो. हे ज्यांच्या किताबात आहे, त्यांच्या राज्यात गाझा कसं घडलं? हा सवाल आम्हाला पडला, आणि तो कित्येक यहुदी स्वतःही विचारत आले आहेत. पण लगेच दुसरा सवाल आला, आमच्या किताबात जे आहे ते आमच्या वर्गात कुठे होतं? किताब आणि माणूस यांच्यातलं अंतर मोजायला जेरुसलेमला जायची गरज नाही.

सगळ्यांत जास्त आम्हाला हलवलं ते भट्टीच्या वादानं. एक विशिष्ट भट्टी पाक की नापाक, एवढ्यावरून रब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे एकीकडे. एलिएझर म्हणाले, माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड जागचं उपटून दूर गेलं. पाण्याचा प्रवाह उलटा वाहिला. मदरशाच्या भिंती कलल्या. अखेर आसमानातून आवाज आला, एलिएझरचंच खरं. तरी रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, तौरात आता आसमानात नाही, ती माणसांना दिलेली आहे, आणि फैसला बहुमताचा. यावर खुदा हसला, माझ्या मुलांनी मला हरवलं म्हणाला, अशी हकीकत आहे.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. आम्हीही टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. पण ती पुढे जाते. जिंकलेल्यांनी एलिएझरला जमातीबाहेर काढलं. ते रडले. त्यांची बायको ही सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांची बहीण. नवरा सजद्यात पडून आपलं दुःख खुदापुढे मांडील तर भावाचं काही खरं नाही, म्हणून ती त्यांना तसं करू देत नव्हती. एके दिवशी तिची नजर चुकली, ते सजद्यात गेले, आणि तिकडे गमलिएल मरण पावले. ती म्हणाली, माझ्या वाडवडिलांकडून मी ऐकलंय, आसमानाचे सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याचा दरवाजा होत नाही. मजलूमच्या आहेबद्दल आपले बुजुर्ग सांगत आले, तेच हे. आणि हा किस्सा तालमूदमध्ये येतो तो बोलून मन दुखावण्याच्या चर्चेत. चारचौघांत कुणाची बेअब्रू करणं म्हणजे खून, असं तिथंच म्हटलंय. कारण चेहऱ्यावरची लाली जाते आणि पांढरेपणा येतो. आम्हाला दुसरा बाक आठवला.

म्हणजे बहुमताचं बरोबर होतं, कायदा त्यांच्या बाजूनं होता, खुदाही हसला, आणि तरीही ते गुन्हेगार ठरले. बरोबर असणं हा दुसऱ्याचं नाक कापायचा परवाना नाही. आणि आम्ही तर बरोबरही नव्हतो.

योम किप्पूर हा यहुद्यांचा उपवासाचा, माफीचा दिवस. कोकणातले बेने इस्राएल त्याला दार फाळणीचा सण म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा. पांढरे कपडे घालून, घरं बंद करून दिवसभर उपास. त्या दुपारी हजरत यूनुसची गोष्ट वाचतात. पण मिश्नाचा नियम असा, की खुदाचा गुन्हा हा दिवस माफ करवतो. माणसाचा गुन्हा मात्र त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय माफ होत नाही. सगळ्यात मोठ्या माफीच्या दिवशीही खुदा तुमच्या वतीनं शेजाऱ्याची माफी मागत नाही. हुकूकुल इबाद म्हणून आपण हेच शिकवतो, परीक्षेत पाच मार्कांना विचारतो, आणि पेपर तपासून झाला की विसरतो.

ती मुलगी तेव्हा नववीत गेली होती. आम्ही नववीच्या वर्गात गेलो. हशा सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच. म्हणालो, गेल्या वर्षी हिनं विचारलेला सवाल योग्य होता. टाळण्यासाठी विचारणं वेगळं आणि समजून घेण्यासाठी विचारणं वेगळं, हा फरक आम्हाला कळला नाही. आम्ही हिची बेअब्रू केली. हिला कुणीही त्या नावानं हाक मारू नये. आणि ते नाव शिवी म्हणून तर कुणालाच देऊ नये, ती आपल्या शेजारची माणसं होती.

वर्ग गप्प. ती वहीकडे बघत राहिली. काही बोलली नाही. "जाऊ द्या सर" असंही म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं.

आता ती दहावीत आहे. परवा इतिहासाच्या तासाला तिचा हात खांद्यापर्यंत वर आला आणि पुन्हा खाली गेला. आम्ही खडू ठेवला, थांबलो. ती बोलली नाही. ठीक आहे. दार आम्ही लावलं होतं. आता ते उघडं धरून उभं राहणं, हेही आमचंच काम.