खिळ्यावरचं कॅलेंडर

आमच्या घरात दुधाच्या हिशेबाला कधी वही नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच खिळ्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. लीटरभर दूध आलं की तारखेच्या चौकोनात १, दीड लीटर आलं तर १॥, खाडा झाला की फुली. महिनाअखेरीला गवळी दारात उभा राहिला की आई कॅलेंडर खाली न उतरवता चौकोनांवरून बोट फिरवत बेरीज करायची. वाद कधी झाला नाही, कारण फुल्या त्यालाही दिसत असत.

बाकीचं घरही त्याच चौकोनांत मावायचं. ‘सिलिंडर लावला’, ‘विम्याचा हप्ता’, ‘धाकट्याचा ट्रिपल’, ‘वन्सं येणार’. काही तारखांवर नुसतं बारीक टिंब असे. त्याचा अर्थ मला मोठी झाल्यावर कळला, आणि मग महिन्याला दोन टिंबं पडू लागली. नव्या वर्षाचं कॅलेंडर जुन्याच्याच वर चढे. मागच्या पावसाळ्यात सिलिंडर किती दिवस पुरला, हे हवं तेव्हा खालचं पान उलटून बघता येई.

जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं १९७३ साली. पंचांग त्याआधीही घरोघरी होतं, पण ते वाचता येणारं माणूस लागायचं. एकादशी आज की उद्या, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे गुरुजींना नाहीतर घरातल्या जाणत्याला विचारायचं. तिथी, सण आणि चंद्रोदयाची वेळ तारखेशेजारी सोप्या मराठीत छापून आली आणि चौथीतल्या पोरीलाही ती सांगता येऊ लागली. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिला चंद्रोदय मी वाचून दाखवायची. मोजक्यांच्या हाती असलेली माहिती या माणसानं सगळ्यांच्या भिंतीवर आणली. हे मला फार मोठं काम वाटतं.

पुढे मी भोसरीच्या एमआयडीसीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले. तिथे जपानी पद्धतीचं, ‘फाइव्ह एस’चं प्रशिक्षण झालं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवायची. पाळी संपताना जी आकृती उघडी दिसेल, ते हत्यार जागेवर आलेलं नाही. कुणाला विचारायला नको. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी बसवलेली कानबानची कार्डंही त्याच जातीची: पेटीतला माल वापरात गेला की पेटीबरोबरचं कार्ड मागे जातं, आणि तीच पुढच्या मालाची मागणी. बाकीच्यांना हे सगळं नवं होतं. मला ते आईच्या फुल्यांमुळे लगेच समजलं.

आमच्या रॅकवर बिन कार्डं असत. आवक, जावक, शिल्लक, आणि पुढे सही. साठा कॉम्प्युटरवर चढला तेव्हा ती काढून टाकायचं ठरलं. मी ती राहावीत म्हणून भांडले. रात्रपाळीच्या फिटरकडे पासवर्ड नसतो, पण कार्ड त्याला वाचता येतं आणि त्यावर लिहिताही येतं. कार्डं राहिली.

घराच्या बाबतीतही माझं मत तेच आहे. मोबाइलमधला रिमाइंडर एकालाच वाजतो, आणि बहुतेक घरांत तो बाईच्याच मोबाइलमध्ये असतो. दूध वाढवून सांगायचंय, मुलाची फी भरायचीय, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्यात, हे लक्षात तिनंच ठेवायचं आणि एकेकाला सांगत तिनंच फिरायचं. काम करण्यापेक्षा ते सतत डोक्यात वागवण्यानं ती अधिक थकते, हे मी आईकडे नाही, पण माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींकडे पाहिलं आहे. ‘मला सांगितलं नाहीस’ हे वाक्य अशाच घरांत ऐकू येतं. भिंतीवर लिहिलेलं असलं की तसं म्हणायची सोय राहत नाही.

आमच्याकडे ज्यानं सिलिंडर बदलला त्यानंच तारीख टाकायची. ज्यानं शेवटची तूरडाळ कुकरला लावली त्यानंच ती खालच्या कोऱ्या पट्टीत टिपायची. सुरुवातीला आमचे हे आतूनच हाक मारून सांगायचे, “अगं, चहा संपलाय.” मी पेन्सिलीकडे बोट दाखवायची. आता लिहितात. मुलगा तर परीक्षेच्या तारखांबरोबर स्वतःची भांडी घासायची पाळीही लिहितो.

तुमच्याकडेही बँकेनं किंवा वाण्यानं दिलेलं एखादं कॅलेंडर गुंडाळी होऊन कपाटावर पडलं असेल. ते काढा. दिवाणखान्यात नको, स्वयंपाकघरात लावा, आणि घरातल्या सगळ्यात लहान लिहित्या हाताला पोचेल इतकं खाली लावा. पेन्सिल दोऱ्यानं बांधाच, सुटी ठेवलेली पेन्सिल आठवडाभर टिकत नाही. आणि पहिली नोंद घरातल्या बाईला करू देऊ नका. ती दुसऱ्या कुणीतरी करा.