सनावळीत न मावणारा दिवस : स्कॉटलंडच्या काही तारखांविषयी

१/
इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला सनावळ्यांचे वेड कधी ना कधी जडतेच. मला ते स्कॉटलंडमुळे जडले. जेमतेम ५५ लाख वस्तीचा हा देश आपल्या तारखा ज्या निगुतीने जपतो, ती पाहून मी थक्क होतो. आजच्या धाग्यात अशाच काही तारखा. त्यांतली शेवटची मात्र निराळी आहे. तिच्याविषयी तिथल्या माणसांना कित्येक दशके तोंडच उघडवले नाही.

२/
११ सप्टेंबर १२९७. स्टर्लिंगजवळ फोर्थ नदीवरचा लाकडी पूल. इतका अरुंद, की दोन घोडेस्वार जेमतेम जोडीने जावेत. विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरी यांनी इंग्रजांचे थोडे सैन्य पूल ओलांडून येऊ दिले आणि मग पुलाचे तोंड रोखले. आलेल्यांना मागे फिरता येईना, पलीकडच्यांना मदतीला धावता येईना. इंग्रजांचा खजिनदार क्रेसिंगहॅम तिथेच पडला.

३/
‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटात ही लढाई आहे, पण पूलच नाही! आणि वॉलेसच्या बरोबरीने लढलेला मरी त्याच वर्षी मरण पावला, त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? लोकस्मृती एका लढाईत एकच नायक ठेवते, हे मला पहिल्यांदा इथे जाणवले.

४/
बरोबर ७०० वर्षांनी, ११ सप्टेंबर १९९७ रोजी, स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ हवे का, यावर सार्वमत झाले. ७४.३ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटले. तारखेचे औचित्य वेगळे सांगायला नको. १२ मे १९९९ रोजी नव्या सभागृहाची पहिली बैठक भरली, तेव्हा ज्येष्ठ सदस्या विनी युइंग यांनी ते नव्याने स्थापन झाले असे म्हटले नाही. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली संसद पुन्हा भरली आहे, असे त्यांनी जाहीर केले. २९२ वर्षांची तहकुबी!

५/
२४ जून १३१४ रोजी बॅनकबर्न येथे रॉबर्ट ब्रूसने दुसऱ्या एडवर्डचा पराभव केला. त्याला ७०० वर्षे झाली त्याच २०१४ साली, १८ सप्टेंबरला, स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. ८४.६ टक्के मतदान झाले; ५५.३ टक्के लोकांनी ‘नाही’ असा कौल दिला. म्हणजे वर्धापनवर्षाचा मुहूर्त साधला, तरी मत देताना माणसे वर्तमानाचाच हिशेब मांडतात.

६/
तारखांचे हे प्रेम दगडालाही सोडत नाही. राज्याभिषेकाचा ‘नियतीचा पाषाण’ पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये लंडनला नेला. २५ डिसेंबर १९५० रोजी ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी तो वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवला. ओढाताणीत त्याचे दोन तुकडे झाले. काही महिन्यांनी तो आर्ब्रोथच्या भग्न मठात सापडला आणि लंडनला परत गेला. अखेर १९९६ मध्ये, म्हणजे पुन्हा बरोबर ७०० वर्षांनी, ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, तो एडिनबरोच्या किल्ल्यात समारंभपूर्वक ठेवला गेला.

७/
सनावळीच्या अभ्यासकांसाठी एक खाचखळगा. ग्लेन्कोचे हत्याकांड १३ फेब्रुवारी १६९२ चे. ज्यांच्या घरी सुमारे बारा दिवस पाहुणचार घेतला, त्याच मॅकडोनल्ड कुळातल्या सुमारे ३८ जणांना सैनिकांनी पहाटे ठार केले. त्यांचा नायक राजनिष्ठेची शपथ घ्यायला मुदतीनंतर काही दिवसांनी पोचला, एवढे निमित्त. पण त्या काळच्या इंग्लंडमधील कागदात हेच वर्ष १६९१ दिसते. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला वर्षारंभ मानला. इंग्लंडचे नवे वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होत होते. एकच राजा, एकच दिवस, वर्षे दोन.

८/
१६ एप्रिल १७४६, कलोडन. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे जॅकोबाइट सैन्य तासाभराच्या आत कोसळले. खरा घाव नंतर बसला. डोंगराळ मुलखाचा पारंपरिक पोशाख कायद्याने बंद झाला, तो १७८२ पर्यंत. कुळप्रमुखांचे न्यायाधिकार गेले. आणि ज्या मुलखाला हत्यार बाळगायची बंदी, त्याच मुलखातून ब्रिटिश सैन्यासाठी पलटणी उभ्या राहू लागल्या. त्यांना किल्ट घालायची मुभा होती!

९/
अशाच दोन पलटणी, ७४ वी आणि ७८ वी हायलँडर्स, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. ७४ व्या पलटणीची तिथे भीषण हानी झाली. दोन्ही पलटणींच्या मानचिन्हांवर हत्ती आला आणि ‘असई’ हे नाव आले. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातले एक मराठी गाव असे स्कॉटिश स्मृतीत जाऊन बसले.

१०/
यातली ७८ वी पलटण १७९३ मध्ये सीफोर्थच्या मॅकेन्झीने उभारली. लुईस हे वायव्येकडचे बेट त्याच्याच मालकीचे. वारा, पीट नावाची जळाऊ माती, मासेमारी आणि गेलिक भाषा एवढेच तिथले वैभव. साम्राज्याला माणसे पुरवायची सवय या बेटाला तेव्हापासूनची. पहिल्या महायुद्धात सुमारे ३० हजार वस्तीच्या लुईसने सुमारे एक हजार माणसे गमावली. आणि मग युद्ध संपले.

११/
३१ डिसेंबर १९१८. स्कॉटलंडमध्ये वर्षाची शेवटची रात्र हाच सर्वांत मोठा सण. नाताळची सार्वजनिक सुट्टीही तिथे १९५८ पर्यंत नव्हती. नौदलाच्या राखीव दलातले खलाशी घरी निघाले होते. नेहमीची आगबोट भरून गेली, म्हणून नौदलाने ‘आयोलेर’ ही नौका पाठवली. गेलिकमध्ये या शब्दाचा अर्थ गरुड. सुमारे २८० माणसे चढली. बचावाच्या होड्या सुमारे शंभरांपुरत्या.

१२/
१ जानेवारी १९१९. रात्रीचे दोन वाजायला आले होते. स्टॉर्नोवे बंदराचे दिवे दिसत होते. घरोघरी चुली पेटत्या ठेवून माणसे वाट पाहत होती. बंदराच्या तोंडाशी ‘बीस्ट्स ऑफ होम’ नावाच्या खडकांवर नौका आदळली. किनारा अवघ्या काही हातांवर होता. जॉन एफ. मॅक्लाउड हा खलाशी दोर घेऊन पोहत काठावर गेला. त्या दोराच्या आधाराने सुमारे ४० जण वाचले. २०१ जण गेले. चार वर्षे युद्धात तगलेली माणसे स्वतःच्या दाराशी बुडाली.

१३/
चौकशी झाली. स्थानिक ज्यूरीने अधिकाऱ्यांनी पुरेशी दक्षता घेतली नसल्याचे म्हटले. पण नौका वाट का चुकली, याचे उत्तर मिळाले नाही, कारण ते देऊ शकणारे अधिकारी समुद्रातच राहिले होते. १९२३ मध्ये ‘मेटागामा’ जहाजाने सुमारे ३०० तरुण बेटकरी कॅनडाला गेले. मागे राहिलेल्यांनी या रात्रीविषयी बोलणेच सोडले. वाचलेले बाप मुलांशी बोलले नाहीत, विधवा शेजारणींशी बोलल्या नाहीत. घटनास्थळाजवळ स्मारक उभे राहायला १९५८ साल उजाडले.

१४/
मी या तारखेपाशी नेहमी अडखळतो. बॅनकबर्नला शत्रू आहे, कलोडनला पराभवाचा अभिमान आहे, पाषाणाला सोहळा आहे. त्या तारखा कोणाच्या ना कोणाच्या कामी येतात. १ जानेवारी १९१९ मात्र कोणाच्याच कामाची नाही. ना शत्रू, ना रणांगण. नौका आपल्याच सरकारची, समुद्र आपलाच, आणि दिवस साऱ्या देशाने आनंद करण्याचा.

१५/
१ जानेवारी २०१९ रोजी शताब्दीची प्रार्थनासभा झाली. राजपुत्र चार्ल्स आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन हजर होते. वाचलेल्यांपैकी तेव्हा कोणीही हयात नव्हते. त्यांचे मौन हेही एक प्रकारचे स्मरणच होते, असे मला वाटते. पण मौनाला वारस नसतो. ते पाळणारा गेला की त्याच्याबरोबर ती रात्रही जाते. तेवढ्यासाठी तारीख लागते. ज्यांनी ती रात्र पाहिलेली नाही, त्यांनाही तिच्यापाशी क्षणभर थांबता यावे, म्हणून.

१६/
म्हणून मित्रांनो, सनावळ्या जरूर पाठ करा; त्यांची थट्टा करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. फक्त प्रत्येक तारखेला एक प्रश्न विचारा : ही कोणी जपली, आणि कशासाठी? आणि ज्या तारखांचे सोहळे होत नाहीत, त्यांच्यासाठी वहीचे एक पान मोकळे ठेवा. आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारलेत, तर ते पान फार काळ कोरे राहणार नाही.

#इतिहास #स्कॉटलंड #धागा