भांड्यांच्या खडखडाटात



"नेम होत नाही हो," ही तक्रार माळकऱ्यांच्या घरात फार ऐकू येते, बायकांच्या तोंडून जास्त. हरिपाठाला बसावे तर कुकरची शिट्टी, माळ हाती घ्यावी तर गॅसवाला दारात. माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचे, रात्री हाक आली की उठायचे. तीन आषाढ्या गेल्या, वारी घडली नाही. ते दुःख एक वेळ सोसते. पण हात सेवेत असताना आत जी चिडचिड धुमसत राहते, तिचे काय करावे?

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहतात. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने मावशींना तोंडपाठ. त्या टिळकांचा तुकोबांच्या अभंगांवर केवढा जीव, हे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. एकदा दळण निवडता निवडता मावशींनी मला ब्रदर लॉरेन्स यांची हकिकत सांगितली.

सतराव्या शतकातला हा फ्रान्सचा माणूस. तरुणपणी शिपाई होता, लढाईत जखमी होऊन पायाने अधू झाला. १६४० साली पॅरिसच्या एका मठात राहिला. पुरोहित व्हावे एवढे शिक्षण नव्हते, म्हणून मठाने त्याला मुदपाकखाना दिला. आणि गंमत अशी की स्वयंपाकाच्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा! तरी पंधरा वर्षे त्याने ते केले, पुढे मठातल्या मंडळींच्या चपला दुरुस्त केल्या. तव्यावरचे अंड्याचे धिरडे उलटायचे तेही देवाच्या प्रेमासाठी, असे तो म्हणे. चार जण चार बाजूंनी काही ना काही मागत असताना, भांड्यांच्या खडखडाटातही, तो प्रार्थनेला बसल्यासारखाच शांत असे. आपल्या जनाबाईचे जाते आणि सावतोबांचा मळा मला लगेच आठवला.

पण माझ्या मनात घर केले ते दुसऱ्याच गोष्टीने. ही शांती त्याला आल्याबरोबर मिळाली नाही. पहिली दहा वर्षे फार क्लेशात गेली, हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. दहा वर्षे! संतांच्या कथा आपण ऐकतो तेव्हा देव लगेच जात्याला हात लावतो. मधली वर्षे कीर्तनात येत नाहीत.

आणि देवाचा विसर पडला, मन भरकटले, तर तो काय करी? कुढत बसत नसे. तुझ्यावाचून माझ्याकडून हेच होणार, अशा अर्थाचे देवाला सांगे आणि पुन्हा कामाला लागे. मावशी म्हणाल्या, "ताई, क्षमा झाली यावर त्याचा विश्वास होता. म्हणून त्याला आपल्याच चुकीचं ओझं वाहावं लागत नव्हतं. आम्ही शांती म्हणतो ती हीच." मी यावर बरेच दिवस विचार केला. हाक आली म्हणून हरिपाठ मोडतो तो घटकाभर. मोडला म्हणून जीव जळतो तो दिवसभर. त्या दुसऱ्या जळण्याला त्याने दारच ठेवले नव्हते.

त्याचे सगळेच मला पटते असे नाही. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि इतर वेळ त्याला सारखीच होती. मला नेमाचे कुंपण हवे. तेवढ्यासाठी तर गळ्यात माळ घातली. पण आता कुंपण मोडले की मी शिव्याशाप देत नाही, पांडुरंगाला सांगते आणि उठते. दहापैकी चार वेळा जमते.

रविवारी उपासनेहून आल्या की मावशी तासभर सासूबाईंजवळ बसतात, म्हणजे माझा हरिपाठ होतो. बसल्या बसल्या टिळकांचे एखादे भजन गुणगुणतात. परवा सासूबाईंनी डोळे उघडले, थोडा वेळ ऐकले आणि त्यांचा हात धरून विचारले, "कुठल्या दिंडीतली गं तू?"