कारण सांगाल का?

डेल्फ्टला एम.एस्सी. करायला आलो आणि शेजारच्या रायस्वाइकमध्येच रमलो. आमच्या गावची एक ओळख म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिस. तिथे अर्ज नाकारायचा तर आधी आक्षेप कळवावे लागतात, अर्जदाराला बाजू मांडू द्यावी लागते. अर्ज प्रसिद्ध झाला की ही कागदपत्रे कुणालाही पाहता येतात. त्या उंच इमारतीवरून मी रोज सायकलने जातो, पण तिचा धडा मला उशिराच कळला.

गिटहबचे नाव घरातल्या आयटीवाल्याकडून तुम्ही ऐकले असेलच. जगभरचे प्रोग्रामर तिथे आपला कोड ठेवतात, एकमेकांना सुधारणा सुचवतात. मीही सवडीने तिथे देवनागरी टंकलेखनाचा छोटासा प्रकल्प सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याने त्यात बदल सुचवला. सोबत कसलीशी लिंक होती. जाहिरात असणार, असे समजून मी प्रस्ताव बंद केला आणि त्याला ब्लॉकही केले. दोन आठवड्यांनी त्याची ईमेल आली, "सर, माझं काय चुकलं ते सांगाल का?"

पुन्हा नीट वाचले. लिंक त्याच्या कॉलेजची होती, आणि त्याने जोडाक्षरांमधली खरीखुरी चूक पकडली होती!

मला डिसेंबर २०१४ आठवला. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून, न्यायालयाच्या आदेशाने भारतात ३२ संकेतस्थळे बंद झाली. त्यात गिटहबही होते. का, ते लोकांना मागाहून कळले. तेव्हा इथे बसून मी सरकारला केवढी नावे ठेवली होती! आणि आता मी तरी वेगळे काय केले?

काही काढूच नये, असे मुळीच नाही. मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारे ॲप जानेवारी २०२२ मध्ये गिटहबवरच सापडले. ते काढायलाच हवे होते. मुंबई पोलिसांनी त्यात अटकही केली. प्रश्न कारण सांगण्याचा आहे. कॉपीराइटच्या तक्रारीवरून कोड काढला, तर गिटहब ती तक्रारच सर्वांसाठी प्रसिद्ध करते. ऑक्टोबर २०२० मध्ये यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवून घेण्याचा प्रोग्राम अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून काढला गेला. तक्रार उघड होती, म्हणून जाणकारांना ती खोडता आली आणि नोव्हेंबरात प्रोग्राम परत आला. युरोपात तर १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार, मजकूर काढला तर तो टाकणाऱ्याला कारण कळवावेच लागते.

मी त्या मुलाची माफी मागितली, बदल स्वीकारला, त्याचे नाव प्रकल्पात नोंदवले. आता नियम पहिल्याच पानावर लिहिले आहेत, आणि नकार द्यायचा तर दोन ओळी कारणही लिहितो.

हे सगळे जेवताना घरी सांगितले. धाकटी लगेच म्हणाली, "बाबा, मग 'मी सांगतो म्हणून' हे उत्तर आपल्या घरातही बंद ना? नियम फ्रिजवर लाव!"

लावले आहेत. अपिले रोज येतात!