कुंदगोळच्या भिंती आणि फ्लॅटमधला तबला

हुबळीहून बंगळूरच्या दिशेने रेल्वेने निघालात, की वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ लागते. काळ्या मातीतले साधे गाव. स्वातंत्र्यापूर्वी ते जमखंडीच्या पटवर्धन संस्थानात होते, त्यामुळे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा इथे जुन्याच. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांचे हे गाव. 1930 च्या दशकात भीमसेन जोशी शिकण्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहिले, तर गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने ये-जा करीत. इथल्या नाडगीर वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीची मैफल वर्षानुवर्षे होत आली आहे.

आम्ही गेलो ते वाडा पाहायला, पण मनात एक घरगुती प्रश्न होता. बेळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलांसाठी रियाजाची खोली करायची होती. मुलगी गाते, मुलगा तबला शिकतो. खालच्या मजल्यावर एक वृद्ध अज्जी राहतात, त्यांना झोप कमी. एका रात्री त्यांच्या सूनबाई वर येऊन अदबीने म्हणाल्या, "रात्री तबला बारसब्याड्री." तेव्हापासून मुलगा डग्ग्यावर टॉवेल टाकून वाजवू लागला. टॉवेलवर हात तयार होत नाही, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चौकशी केली तर एक ठेकेदार थेट स्टुडिओसारखी बंद खोली करा म्हणाला, दुसरा म्हणाला भिंतीला फोम चिकटवा, काम झाले. खरे किती लागते, हे कुणी सांगेना.

या भागातली जुनी घरे पाहिली की निम्मे उत्तर मिळते. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर मातीचे माळवद (आपल्या कानडी शेजाऱ्यांची माळिगे), खिडक्या लहान आणि उंबरा चांगला उंच. अशा भिंतीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे 1 टन भरते. आपल्या फ्लॅटमधली साडेचार इंची विटांची भिंत गिलाव्यासकट जेमतेम 250 किलोची. आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. वजन दुप्पट झाले की अडवणूक साधारण 5 ते 6 डेसिबलने वाढते. चौपट वजन म्हणजे 10 डेसिबलहून अधिक फरक, आणि 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो.

मग पडसालीतल्या ज्वारीच्या पोत्यांचे काय? ती आवाज अडवत नाहीत, खोलीतला घुमारा शोषतात. फोमचे आणि अंड्यांच्या ट्रेचेही तेच. त्यांनी खोलीतला आवाज कोरडा होतो, पण शेजारी जायचा तो जातोच. शिवाय चारही भिंती मऊ केल्या तर तंबोऱ्याचा नाद मरतो. एखाद-दुसऱ्या भिंतीवर जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट पुरे.

परतताना धारवाडला थांबलो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे 'मृत्युंजय' हे घर तिथे स्मारक म्हणून जपले आहे. धारवाडच्या जुन्या वसाहतींतून फिरताना जाणवते ते घरांमधले अंतर. कंपाउंड, अंगण, मग शेजारचे घर. मोकळ्यात अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत. आपल्या फ्लॅटमध्ये वजनही नाही आणि अंतरही नाही. म्हणून जे काही करायचे ते मोजून करावे लागते.

मोजायचे कुठे? आपल्या खोलीत नव्हे, शेजाऱ्याच्या खोलीत. बेळगावला आल्यावर अज्जींची परवानगी काढून रात्री नऊला त्यांच्या पलंगाशी बसलो, पंखा बंद केला आणि मुलाला वर वाजवायला सांगितले. चाट जवळजवळ ऐकू येईना. डग्गा मात्र छतातून थेट उतरत होता. खर्जातला आवाज भिंतींना कमी जुमानतो आणि जमिनीवर ठेवलेल्या वाद्याचा धक्का स्लॅबमधून पसरतो. म्हणजे आमचे दुखणे भिंतीत नव्हते, जमिनीत होते.

आता हिशेब. तबला जवळून 80 ते 90 डेसिबल भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार चांगल्या झोपेसाठी खोलीत 30 च्या आसपासच आवाज असावा. रात्री उशिरा वाजवायचे तर 50 ते 60 ची अडवणूक हवी. त्याला खोलीत खोली करावी लागते, एसी लागतो आणि स्लॅबला ते वजन झेपेल का हे इंजिनिअरला विचारावे लागते. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र धरली आहे ती 10 ते सकाळी 6. संध्याकाळी, घरोघरी पंखे आणि टीव्ही चालू असताना, 40-45 ची अडवणूक पुरते. फक्त गाणे, तंबोरा आणि पेटी असेल तर त्याहूनही कमी.

त्याप्रमाणे आम्ही मधली पायरी धरली. जाड रबरी मॅट, तिच्यावर प्लायवूडची बैठक, वर सतरंजी. बैठक भिंतीला कुठेही टेकू दिली नाही. पोकळ फ्लश दार काढून भरीव लाकडी बसवले, चौकटीला रबरी पट्टी लावली आणि उंबरा परत आणला. फ्लॅटवाल्यांनी उंबरे काढले, पण दाराखालची अर्ध्या इंचाची फट दाराच्या अर्ध्या टक्क्याहून थोडीच मोठी असते आणि तेवढीच उरली तरी दार कितीही जड असो, 22 डेसिबलच्या पुढे अडवणूक जात नाही. होस्तिलाला आपल्या आज्या का जपत, त्याचे हेही एक कारण समजा. खिडकीला चार इंच अंतर सोडून दुसरी काच बसवली.

पुन्हा खाली जाऊन बसलो. डग्गा आता दूरच्या पावलासारखा येत होता. रियाजाची वेळ साडेसहा ते साडेआठ ठरली, मुलाने टॉवेल टाकणे बंद केले. मी अज्जींना विचारले, सकाळच्या गाण्याचाही त्रास होतो का? तीही खिडकी बंद ठेवू. त्या म्हणाल्या, "हाडोदु केळलि बिड्री, तबला अष्ट ब्याड." गाणे ऐकू येऊ दे, तबला तेवढा नको. त्यामुळे सकाळी ती खिडकी उघडीच असते. पूर्ण बंद खोलीचा खर्च आमच्याकडे कुणी मागितलाच नव्हता.