चार किलोची होडी

बोर्नव्हिलच्या तळ्यावर शर्यत चालू असते तेव्हा कुणी ओरडत नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. शर्यत म्हटलं की आमच्याकडं हलगी कडाडते. दिवाळीत गवळ्यांच्या सजवलेल्या म्हशी मोटारसायकलींच्या मागं पळतात तेव्हा म्हशींपेक्षा बघ्यांचाच दंगा जास्त असतो. इथं काठानं दहा-बारा माणसं सावकाश चालत असतात. बहुतेक साठी उलटलेली, गळ्यात पट्ट्याला अडकवलेला रिमोट, नजर पाण्यावर. आणि पाण्यात तितकीच पांढरी शिडं, सगळी एकाच अंगाला कललेली.

बोर्नव्हिल हे बर्मिंगहॅमचं उपनगर. कॅडबरी बंधूंनी 1879 साली शहराच्या गर्दीतून आपला कारखाना इथं हलवला आणि पुढं त्याच्याभोवती कामगारांसाठी बागाबगिच्यांचं गाव वसलं. मंडळी क्वेकर पंथाची, त्यामुळं गावात पब नाही. तळं नंतरचं, 1930च्या दशकातल्या मंदीचं. हाताला काम नसलेल्या माणसांकडून ते बांधून घेतलं. काठ सिमेंटचे, खोली बेताची, बांधलंच मुळी खेळातल्या होड्यांसाठी. कारखान्याकडून वारा सुटला की कोकोचा वास येतो. नोकरीसाठी नवा नवा आलो तेव्हा मला तेवढीच दिशा कळायची.

होड्या खेळातल्या, पण खेळणी नव्हेत. इथं धावणाऱ्या एका जातीच्या होडीला ‘वन मीटर’ म्हणतात. तिचे नियम 1988 साली ठरले. लांबी एक मीटरच्या आत, वजन चार किलोपेक्षा कमी नको. त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याखाली लोंबणाऱ्या पात्यात आणि त्याच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्यात. वरची डोलकाठी जवळजवळ माणसाएवढी उंच. वाऱ्यानं ती आडवी पडायला निघाली की खालचं शिसं तिला उभं करतं. मोटर असते, पण ती होडी ढकलत नाही. रिमोटला दोनच कामं, सुकाणू वळवायचं आणि शिडाची दोरी आवळायची किंवा सैल सोडायची. बाकी सगळं वाऱ्याकडं.

आणि वारा कुणाच्या बापाचा नसतो. पहिला टप्पा मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर असतो. तिकडं सरळ जाता येत नाही. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं अशी नागमोडी वाट काढावी लागते. प्रत्येक वळणाला वेग मोडतो. कमी वळणं घ्यावीत तर वारा दिशा बदलतो, जास्त घ्यावीत तर होडी रखडते. मुरलेला गडी होडीकडं बघतच नाही. तो पुढचं पाणी वाचतो. पाण्यावर एक काळसर, बारीक शहाऱ्यांचा पट्टा सरकत येतो, ती झुळूक. तिच्या वाटेवर आधी जाऊन उभा राहील तो पुढं. मी पहिल्यांदा रिमोट हातात घेतला तेव्हा होडी एका जागी शीड फडफडवत राहिली आणि शेजारचा म्हातारा एवढंच म्हणाला, ‘सोड जरा.’ दोरी सैल केली आणि ती निघाली.

मला मात्र खरी भुरळ घातली ती इथल्या पंचगिरीनं. म्हणजे ती नसण्यानं. नियम मोठ्या शिडांच्या जहाजांचेच. वारा उजव्या अंगानं घेणाऱ्या होडीला आधी वाट द्यायची. दोन होड्या घासल्या की ज्याला अन्याय वाटला तो आपल्या शिडावरचा आकडा सांगतो, मग समोरच्याचा, आणि मध्ये ‘प्रोटेस्ट’. चूक असलेला माणूस वाद घालत नाही. गर्दीतून बाजूला होतो, होडीला स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी मारायला लावतो आणि मागून पुन्हा शर्यतीत येतो. पहिला चाललेला माणूस शेवटच्या बोयापाशी अशी गिरकी घेऊन चौथा आलेला मी पाहिलाय. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हळहळलंही नाही. आमच्याकडं एवढ्यावरून दोन तालमींचं वर्षभराचं बोलणं बंद झालं असतं! (अर्थात इथंही चहाच्या वेळी कुरकुर चालतेच. इंग्रज माणूस भांडण थर्मासमध्ये साठवतो.)

‘सोड जरा’ म्हणणारा तो म्हातारा लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यातला टूलमेकर. तो कारखाना 2005 साली बंद पडला. सवय सुटेना म्हणून यानं घराच्या मागच्या शेडमध्ये लेथ आणून ठेवला आणि होड्या करू लागला. एके दिवशी मला शेडमध्ये नेलं. बाकावर शिशाचा गोळा ओतण्यासाठी लाकडात कोरलेला अर्धा पॅटर्न पडला होता, माशासारखा, पुढं गोल, मागं निमुळता. मी तो उचलला आणि अंगठा कडेवरून फिरवला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. सागवानावर पटाशी चालवायची, ओतीव थंड होताना आकसतं म्हणून माप थोडं वाढवून धरायचं, पॅटर्न साच्याच्या वाळूतून अलगद सुटावा म्हणून कडांना किंचित उतार द्यायचा, हे मी शाळेच्या सुट्टीत त्यांच्या बाकाशेजारी बसून बघितलेलं. ‘ह्याला उतार कमी पडतोय,’ मी म्हणालो. त्यानं चष्मा कपाळावर सारला, पॅटर्न उजेडात धरला आणि काही न बोलता पटाशी माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी आम्ही शिसं ओतलं. ते 327 अंशांना वितळतं. फौंड्रीच्या भट्टीशेजारी वाढलेल्याला हे काहीच नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लोक या खेळाला पोरखेळ तरी समजतात किंवा श्रीमंतांचे चोचले तरी. तो दोन्ही नाही. तो कारागिरांचा खेळ आहे. वन मीटरचे नियम करणाऱ्यांनी सांगाड्यात आणि डोलकाठीत कार्बन फायबर वापरायला बंदी केली. काठी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाचीच हवी. पैशापेक्षा हात चालावा म्हणून. रेडिओ नव्हता तेव्हा तर वाऱ्यावर फिरणारं एक पातं सुकाणूला जोडलेलं असे, ते काठावरच लावून होडी सोडून द्यायची आणि आपण काठी घेऊन पलीकडच्या काठाला धावायचं. लावणीत चूक झाली की भोगायची.

मग असा खेळ कोल्हापुरात का नसावा? बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ऑइल इंजिनं ओतणारं, मोटारींचे सुटे भाग देशभर धाडणारं हे गाव चार किलोची होडी करू शकत नाही, असं कोण म्हणेल? वाराही आहे. उन्हाळ्यात दुपार कलली की कोकणातून घाट चढून आलेला पश्चिमेचा वारा रंकाळा तलावावर उतरतो, हे संध्यामठाच्या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथं भेळ खाणारे सगळे वाऱ्याला पाठ करून बसतात, एवढीच काय ती तक्रार.

होडीला पाणी लागतं जेमतेम अर्धा मीटर. पातं 42 सेंटीमीटरपेक्षा खोल नसतं. धूर नाही, तेल नाही, आवाज नाही. एकच अट: जलपर्णी नको, ती पात्यात अडकली की होडी तिथंच थांबते. पालिकेनं पाणी स्वच्छ ठेवावं, आणि उद्यमनगरातल्या कुणी पॅटर्नमेकरनं सुट्टीच्या दिवशी सागवानाचा एक तुकडा बाजूला काढावा. गोळ्याची मापं मी पाठवतो.