घड्याळ चालेल, कॅमेरा नको

ज्येष्ठांना मोबाइल नीट शिकवला की देखभालीची नवी साधनंही ते आपोआप वापरू लागतील, असं मी बरीच वर्षं मानत होतो. मुंबईतल्या चारकोपात ज्येष्ठांना शिकवता शिकवता माझं मत बदललं.

नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची घाई असते. 2014 पासून तो ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर देता येतो, पण झिजलेल्या बोटांचे ठसे अनेकदा उमटतच नसत. 2021 मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली. खिडकीशी उजेडात बसायचं, फोन समोर धरायचा, सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी हे एकदा पाहिलं आणि पुढे शेजारच्या दोघींचे दाखलेही काढून दिले.

त्याच काकूंनी मुलाने सुचवलेल्या घरातल्या कॅमेऱ्याला साफ नकार दिला. “स्वतःच्याच घरात मी दिवसभर पदर सावरत बसू का रे?” मुलगा मला म्हणाला, आईला या वस्तूंची भीती वाटते. पूर्वी मीही मान डोलावली असती. पण दाखला काढणारी बाई भित्री कशी? दाखल्याने तिचं काम होत होतं. कॅमेऱ्याने मुलाची काळजी मिटणार होती, आणि त्यासाठी तिचा दिवस दुसऱ्याच्या फोनवर दिसणार होता.

काळजीही खरीच. एकट्या बाईचा रात्री मोरीत पाय घसरला तर?

शेवटी पडल्याचं ओळखणारं घड्याळ घ्यायचं ठरलं. काकूंच्या अटी दोन: तातडीच्या नंबरांत समोरच्या वहिनी हव्यात, आणि एरवी आपण कुठे जातो ते मुलाला दिसता कामा नये. पहिली अट चारकोपच्या माणसालाच सुचावी. ऐंशीच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने इथे छोटे भूखंड दिले, मधल्या चौकाभोवती पस्तीसेक घरांची एकेक सोसायटी झाली. काकूंच्या घराची किल्ली वहिनींकडे आहे. मुलगा पुण्यात, तो निघून पोहोचेपर्यंत चार तास जातील.

आता बटणं दाखवण्याआधी मी विचारतो, खबर कुणाला जावी आणि कुणाला जाऊ नये? यादी ज्याची त्याने लिहायची. काहींच्या यादीत मुलांचं नाव शेवटी येतं आणि मुलांना ते लागतं. मग त्यांच्याशी मी बोलतो.